सहा मशिनी आणि दसऱ्याचा झेंडू

बडनेऱ्यात रेल्वेवाला म्हटलं की लोकांना कळतं. मास्तर म्हटलं की कळतं. दवाखान्यातली नर्स, तहसीलमधला बाबू, एसटीचा कंडक्टर, सगळं कळतं. पण दीपमालाचं काम काय, असं कोणी विचारलं की तिची आई मनकर्णाबाईसुद्धा जरा थांबतात आणि म्हणतात, “ते मशिनी सांभायते.” समोरच्याला वाटतं, पिठाची गिरणी असावी. मनकर्णाबाई तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाहीत. गिरणीवालीकडे निदान लोक दळण घेऊन येतात, दोन शब्द बोलतात. डेटाबेसवालीला कोण ओळखतं?

दीपमाला चाळिशीकडे झुकलेली, अंगानं बारीक, बोलायला तिखट. वडील शेषराव बडनेरा जंक्शनवर सांधेवाले होते. लेकीला त्यांनी अमरावतीत इंजिनिअरिंगला घातलं, पुढे ती नोकरीसाठी पुण्याला गेली, आणि वडील आजारी पडल्यावर परत आली ती आलीच. वडील गेले. आता मायलेकी दोघीच राहतात. लग्न का केलं नाही, हे तिला विचारायची हिंमत अख्ख्या वस्तीत एका शेजारच्या शकुनबाईंची आहे, आणि उत्तर त्यांनाही मिळालेलं नाही.

रोज सकाळी शेअर ऑटोत अंग चोरून बसायचं आणि अमरावती गाठायची, हा तिचा नेम. बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ऑफिस आहे. मालक जानरावभाऊ. हा माणूस मूळचा भाजीबाजारातला अडत्या. हर्रास, म्हणजे लिलाव, बोलून बोलून आवाज कायमचा घोगरा झालेला. कागदाच्या पावत्यांना वैतागून त्यांनी कोणे एके काळी आपल्या दुकानापुरता एक प्रोग्राम बनवून घेतला आणि त्याला नाव दिलं ‘तागडी’. शेतकऱ्याचं कॅरेट काट्यावर ठेवलं की वजन आपोआप नोंदलं जातं. हर्रासातली प्रत्येक बोली नोंदली जाते. सौदा पटला की शेतकऱ्याच्या फोनवर संदेश येतो, ‘नोंद झाली’. शेजारच्या अडत्यानं पाहिलं, त्यालाही हवं झालं. मग अकोला आलं, परतवाडा आलं, तेल्हारा आलं, आणि बघता बघता विदर्भ ओलांडून तागडी खानदेशात शिरली. जानरावभाऊंनी हर्रास सोडला आणि ते कंपनीचे मालक झाले. पण बोलायची पट्टी तीच राहिली.

आता तागडीची गंमत अशी की इथे वाचणारे कमी आणि लिहिणारे फार. बहुतेक कंपन्यांत लोक बघायला येतात. इथे सगळे टाकायला येतात. सकाळी बाजार भरला की गावोगावचे काटे एकदम बोलायला लागतात, आणि त्यातला एकही शब्द खाली पडता कामा नये. ते झेलायला सहा मशिनी आहेत, लांब कुठेतरी थंडगार खोलीत, भाड्याच्या. प्रत्येक नोंद त्यातल्या तिघींकडे लिहिली जाते, म्हणजे एखादी मशीन बसली तरी नोंद बुडत नाही. या सहा जणींना वळण लावणं, कोणाला किती काम द्यायचं ते ठरवणं, कोणी रुसली तर तिला उठवणं, हे दीपमालाचं काम. तिच्या हाताखाली शुभम. परतवाड्याजवळच्या फुलं पिकवणाऱ्या घरातला पोरगा, हुशार, आणि हुशार माणसाला जेवढी घाई असते तेवढी त्यालाही आहे.

वर्षभर सगळं सुरळीत. पण दसरा आला की तागडीला धाप लागते. दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून दसऱ्याच्या दुपारपर्यंत झेंडूचा असा लोंढा येतो की दरसाल मशिनी आडव्या होतात, आणि दीपमाला ऑफिसात बसून त्यांना एकेक करून उठवत राहते. जानरावभाऊ मागे उभे राहून “झालं का, झालं का” करत असतात. त्यांच्या त्या विचारण्यानं मशीन लवकर उठते, असा त्यांचा प्रामाणिक समज आहे.

आणि दसऱ्याच्याच दिवशी नागपूरला दीक्षाभूमी असते.

मनकर्णाबाई नव्या नवरीच्या वयापासून तिथे जातात. शेषराव होते तेव्हा तिघं मिळून जायचे. दीपमाला वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेली आहे. शेषराव गेल्यापासून आई वस्तीतल्या बायकांबरोबर जाते. जाताना पांढरी साडी, निळ्या काठाची, आदल्या आठवड्यात धुऊन, खळ घालून ठेवलेली. येताना लेकीसाठी एक पुस्तक, न चुकता. आणि दरसाल दीपमाला म्हणते, “यंदा येते माय, नक्की येते.” दरसाल झेंडू आडवा येतो. मनकर्णाबाई परत येतात, पुस्तक टेबलावर ठेवतात आणि गुडघ्याला तेल लावत बसतात.

यंदा गुडघा जास्तच धरला होता. पुढच्या दसऱ्याला एवढी गर्दी झेपेल की नाही, सांगता येत नव्हतं. आणि तरीही यंदा आईनं लेकीला विचारलंच नाही. दीपमालाला वाटलं, राहिलं असेल. मग एका रविवारी ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि अंगणात शकुनबाईंचा आवाज आला.

“दीपमाला येते का वं यंदा? गाडीत जागा धराले बरं.”

“तिले नोको विचारू,” मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हीच तर पंचाईत होती. “इचारलं की ते येते म्हनते. मंग येनं होत नाई तिच्यानं. काहून खोटं बोलाले लावाचं पोरीले?”

दीपमालाच्या हातातली घडी तशीच राहिली. आई रागावली असती तर तिनं भांडून घेतलं असतं. भांडायला ती कोणाला हार जाणारी नाही. पण आई तिला सांभाळून घेत होती. तिला फार वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्यात तिला एकदम बेबीताईंचं बोलणं आठवलं.

बेबीताई म्हणजे शुभमची आई. गेल्या दसऱ्याला शुभमनं मशिनींचा वेग वाढवायला एक शक्कल काढली होती. नोंद तिघींकडे जाते, पण शेतकऱ्याला ‘नोंद झाली’ म्हणायला किती जणींच्या होकाराची वाट बघायची, हे आपल्या हातात असतं. आधी दोघींची बघत. शुभमनं ते एकीवर आणलं. एकीनं नुसती हातात घेतली, कागदावर अजून उतरवलीही नाही, तरी संदेश रवाना. काम पळायला लागलं, पोराची पाठ थोपटली गेली. आणि ऐन गर्दीत ती एक मशीन बसली, हातात होतं ते सगळं घेऊन; बाकीच्या दोघींपर्यंत ते अजून पोचलंच नव्हतं. त्यात नेमका बेबीताईंचा झेंडू होता. त्या संदेश बघून निर्धास्त चहाला गेल्या होत्या. परत आल्या तर अडत्या म्हणतो, तुमच्या नावावर तर काहीच नाही. माणूस ओळखीचा म्हणून निभावलं. पण घरी गेल्यावर बेबीताईंनी लेकाला एवढंच विचारलं, “झालं नव्हतं, तं झालं कशाले म्हनलं?”

शुभमनं ते दुसऱ्या दिवशी मान खाली घालून सांगितलं होतं, आणि दीपमालानं त्याला चांगलं झापलं होतं. आता घडी हातात धरून ती उभी होती आणि तिला कळत होतं: ती स्वतः आईशी दुसरं काय करत आली? लिहिलेलं कुठेच नाही, आणि संदेश मात्र दरसाल वेळेवर.

त्या दिवशी तिनं आईला काही कबूल केलं नाही. येते म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. सोमवारी ऑफिसात गेली आणि जानरावभाऊंना म्हणाली, “भाऊ, यंदा दसऱ्याले मी नाई. मायाबिगर चालन, असं करून ठेवतो आपन.”

जानरावभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. “बाप्पा! अन् मशिनी बसल्या तं?”

“बसू नये म्हनूनच तं महिनाभर आधी सांगून राहिले.”

“अजून दोन मशिनी घेऊ का?”

“गेल्या साली दोन घेतल्या ना, चाराच्या सहा केल्या. काही फरक पडला काय?”

फरक पडला नव्हता, आणि का पडला नव्हता याचा शोध कोणीच नीट घेतला नव्हता. दसरा उलटला की सगळे दमलेले असतात, पुढे दिवाळी येते, मग विसरतात. दीपमालानं गेल्या दसऱ्याचा सगळा हालहवाल काढला आणि शुभमला शेजारी बसवलं. चित्र स्पष्ट होतं. सहापैकी तीन मशिनी घामाघूम होऊन मरायला टेकल्या होत्या, आणि उरलेल्या तिघी लग्नात रुसून बसलेल्या आत्यांसारख्या कोपऱ्यात निवांत होत्या. त्यांच्याकडे कोणी काम घेऊन गेलंच नव्हतं.

कारण जुनं होतं, आणि ते अगदी बाजारातलं होतं. तागडी पहिल्यांदा बनली तेव्हा जानरावभाऊंनी ती आपल्या दुकानासारखी लावून घेतली होती. टमाटरचा खण वेगळा, वांग्याचा वेगळा, झेंडूचा वेगळा. एका दिवसाचा एका मालाचा सगळा हिशोब एकाच खणात, आणि एक खण ठरलेल्या तीनच मशिनींकडे. एरवी हे ठीक होतं. शंभर तऱ्हेचा माल, शंभर खण, सगळ्या मशिनींना सारखं काम. पण दसऱ्याला अकोल्याचा झेंडू, तेल्हाऱ्याचा झेंडू, खानदेशचा झेंडू, सगळा त्या एकाच खणात कोंबला जात होता.

“आमची आई म्हनते,” शुभम म्हणाला, “दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोबीवाला बी झेंडूवाला होते.”

“तुई आई आपल्या दोघाइपेक्षा आधी बोलली असती तं एवढे दसरे वाया नसते गेले,” दीपमाला म्हणाली.

उपाय सुचायला अवघड नव्हता: झेंडूचा एक खण न ठेवता सोळा करायचे, म्हणजे ते सहाही मशिनींत पांगतील. अवघड होतं ते जानरावभाऊंना पटवणं.

“झेंडू एका जागी नाई ठेवाचा, तं कुठी ठेवाचा?” ते उसळले. “गिऱ्हाइकानं भाव विचारला तं मी सोळा खोल्या फिरत बसू काय?”

“फिराच लागन, भाऊ. भाव दाखवाले थोडा वेळ जास्त जाईन. पन माल उतरवून घ्याले दरवाजे सोळा भेटतीन.”

“भाव उशिरा दिसला तं लोक बोंब मारतीन.”

“भाव दोन सेकंद उशिरा दिसला तं बोंब मारतीन. माल उतरलाच नाई तं काय करतीन, ते तुमी गेल्या साली पाह्यलं.”

जानरावभाऊ अडत्या होते. घाट्याचा सौदा आणि फायद्याचा सौदा यातला फरक त्यांना झोपेतही कळतो. थोडा वेळ कुरकुर करून त्यांनी मान हलवली. बाकीचा माल मात्र जिथल्या तिथे राहील, या अटीवर. दसऱ्यापुरता झेंडू तेवढा पांगवायचा.

दुसरी गोष्ट होती आवराआवरीची. मशीन नोंद घेते ती घाईत. जशी आली तशी ठेवते. मग सवडीनं सगळं एकत्र करते, नीट लावते, जुनं टाकून देते. ही आवराआवरी सतत मागे चाललेली असते आणि तिलाही डिस्क लागते. दसऱ्याच्या गर्दीत मशीन एका हातानं झेंडू घेत होती आणि दुसऱ्या हातानं घर झाडत होती. शुभम म्हणाला, त्या दिवशी आवराआवरी बंदच करू. दीपमालानं नकार दिला. “सनाच्या दिवशी भांडे घासत नाई बसत आपन, मोरीत टाकतो. बरोबर हाये. पन मोरी भरली की सयपाकच थांबते. मंद कर, बंद नोको करू.” शुभमला घरचा सण आठवला असावा, कारण तो हसला आणि वाद घालायचं सोडून कामाला लागला.

तिसरी गोष्ट तिनं बोलूनही दाखवली नाही. स्वतःच करून टाकली. दोघींनी कागदावर उतरवल्याशिवाय ‘नोंद झाली’ म्हणायचं नाही. वेग थोडा कमी होईल, होऊ दे. शुभमनं ते पाहिलं आणि मान डोलावली.

पितृपक्षात फुलबाजार थंड असतो. त्या सुस्त दिवसांत त्यांनी रंगीत तालीम घेतली. तेवढ्यापुरत्या तशाच सहा मशिनी भाड्यानं आणल्या आणि गेल्या दसऱ्याच्या सगळ्या नोंदी त्यांच्यावर पुन्हा सोडल्या, दुप्पट वेगानं. जानरावभाऊ खुर्ची ओढून बसले, सामना बघायला बसावं तसे.

तालीम आपटली. तशीच, जशी दरसाल आपटते. तीन मशिनी गुडघ्यावर आल्या आणि तीन रिकाम्या.

शुभमच्या तोंडचं पाणी पळालं. दीपमालाही क्षणभर हबकली. नवरात्र तोंडावर होतं, आणि तिला आईची साडी दिसत होती. पण ती रागावली नाही, सवयीनं एकेका मशिनीच्या हालहवालाची चित्रं पडद्यावर काढत गेली. सोळा खणांपैकी पंधरा जवळपास रिकामे होते. सगळा झेंडू खण क्रमांक एकमध्ये.

“शुभम, पांगवलं कशावरून आपन?”

“काट्याच्या नंबरावरून, ताई. प्रत्येक अडत्याच्या काट्याले नंबर असते ना. एक नंबर एका खनात, दोन नंबर दुसऱ्या...”

“काट्याले नंबर कोन देते?”

“अडत्याच. काटा जोडतानी टाकते तो.”

दीपमालानं अडत्यांच्या काट्यांचे नंबर पडद्यावर आणले. अमरावती, एक. अकोला, एक. तेल्हारा, एक, एक, एक. परतवाडा, सगळे एक. खाली बघत जावं तितके एकच एक. जानरावभाऊ आधी नुसते बघत राहिले आणि मग खो खो हसायला लागले. इतके की त्यांना ठसका लागला.

“अवं, कोनता अडत्या आपल्या काट्याले दोन नंबर म्हनन? अख्ख्या बाजारात तो पयला! शेजारी दुसरा!”

“तुमचा काटा किती नंबर होता, भाऊ?” दीपमालानं विचारलं.

“आता काय सांगू,” जानरावभाऊ डोळे पुसत म्हणाले. “एकच.”

वऱ्हाडातल्या माणसाला पहिला नंबर सोडायला सांगायची सोय नाही. मग दीपमालानं ठरवलं की खण निवडायचा तो माणसाच्या आवडीनिवडीवर ठेवायचाच नाही. काटा नको, गाव नको, नाव नको. नोंद आली की मशीननं आपली आपण चिठ्ठी उचलावी आणि जो खण निघेल त्यात टाकावी. दुसरी तालीम झाली तेव्हा सहाही मशिनी सारख्या चालल्या. कोणी मेली नाही, कोणी रुसली नाही. मध्येच दीपमालानं एक मशीन मुद्दाम बंद केली. पाचजणींनी भार वाटून घेतला, संदेश जरा उशिरा जाऊ लागले, पण गेले. आणि गेले ते खरे गेले. जानरावभाऊंना सामना फार लवकर संपला असं वाटलं.

आता राहिली होती स्वतः दीपमाला. मशिनींना तिच्याशिवाय चालायला शिकवणं एक वेळ सोपं. तिला मशिनींशिवाय राहायला कोण शिकवणार? शुभमनं तिला निघता निघता तीन वेळा सांगितलं, “ताई, तुमी जा. आमच्या घरचा दसरा बी झेंडूतच जाते, मी इथं बसलो काय अन् तिथं बसलो काय.” तिनं त्याला एकच गोष्ट बजावली: एखादी मशीन पडली तर घाबरून बाकीच्यांना हात लावायचा नाही. पडली तर पडू दे. तेवढ्यासाठीच बाकीच्या आहेत.

घरी तिनं काहीच सांगितलं नाही. दसऱ्याला आठवडा असताना आई साडीला खळ घालत होती, तर दीपमालानं आपली पांढरी साडी ट्रंकेतून काढली आणि आईच्या साडीशेजारी त्याच बादलीत बुडवली. मनकर्णाबाईंनी बादलीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. आणि निघायच्या दिवशी भाकरींची थप्पी नेहमीपेक्षा उंच होती आणि ठेच्याचा डबा मोठा होता.

बडनेऱ्याला गाडीत शकुनबाईंनी जागा धरली होती, एकच. दीपमालाला पाहून त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि मग आपल्या अवजड अंगाला असं काही आवरलं की दोघींची जागा झाली. वर्ध्यापर्यंत दीपमालानं फोन किती वेळा पाहिला ते शकुनबाईंनीच पाहिलं असेल. बाजार भरत होता, नोंदी होत होत्या, शुभम ‘सगळं ठीक’ असं लिहून पाठवत होता. नागपुरात वस्तीतल्याच एका लेकीच्या सासरी त्यांनी पाठ टेकली.

दसऱ्याची सकाळ उजाडली तशी सगळ्या वाटा एकाच बाजूला वाहायला लागल्या. पांढरे कपडे, निळे झेंडे, कडेवर लेकरं, काठ्या टेकणारी म्हातारी माणसं. आईच्या बगलेत हात घालून दीपमाला रांगेला लागली. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. मनकर्णाबाईंचा गुडघा दुखत होता, ते त्यांच्या ओठांवरून कळत होतं, पण चेहरा उजळलेला होता. ऐन झेंडूची वेळ झाली तेव्हा दीपमालानं फोन काढला. रेंज नव्हती. एवढ्या माणसांचे एवढे फोन एकाच वेळी बोलायला बघत होते. कोणाचाच आवाज कुठे पोचत नव्हता. तिनं फोन वर धरला, डावीकडे धरला, उजवीकडे धरला.

“काय पाहून राहिली आभायात?” आईनं विचारलं.

“रेंज नाई, माय.”

“मंग बरं झालं. हात मोकया झाला तुया. धर मायी पिशवी.”

दीपमालानं पिशवी धरली. तिकडे मशिनींचं काय चाललं असेल, कोण पडली असेल, कोण उठली असेल, या विचारानं ती सुरुवातीला कासावीस झाली. मग रांग पुढे गेली, घुमट जवळ आला, शेजारच्या बायका वंदना म्हणायला लागल्या, आणि आईचा थकलेला, जरा बेसूर आवाज तिच्या कानाशी येऊ लागला. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून ऐकलेला हाच आवाज. ती केव्हा सोबत म्हणू लागली, तिचं तिलाच कळलं नाही. आत पोचल्यावर मनकर्णाबाईंनी हात जोडले, आणि लेक शेजारी आहे की नाही हे बघायला एकदा डोळे उघडले.

बाहेर पडून पुस्तकांच्या दुकानांपाशी येईतो ऊन चढलं होतं. आई एका पायरीवर बसली आणि गुडघा चोळू लागली. तिथे एकदम फोनला जाग आली. थरथरत एकामागून एक संदेश आले, सगळे शुभमचे. ‘ताई, चार नंबरची मशीन पडली.’ ‘ताई, फोन लागून नाही राहिला.’ ‘मी हात नाही लावला.’ ‘बाकीच्या चालू आहेत.’ ‘चार नंबर उठली.’ आणि शेवटचा: ‘आईचा झेंडू नोंदला. तिनं अडत्याकडे जाऊन दोनदा खात्री केली. झाला म्हणते, खरंच झाला.’

दीपमाला हसली. मग तिचं हसू हळूहळू उतरलं.

“काय झालं वं?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

“एक मशीन पडली होती, माय. मायाबिगर उठली बी. काही अडलं नाई कोनाचं.”

“मंग तोंड काहून उतरलं तुयं?”

“काही नाई. असंच.”

मनकर्णाबाईंनी गुडघ्यावरचा हात थांबवला. “तू पुन्याले गेली ना, तवा तुया रोज फोन ये. भाजीत मीठ किती टाकू, ताप आला तं काय करू. मंग कमी झाला. मंग आठ आठ दिवस नाई. तुये बाबा म्हनत, चांगलं झालं, पोरगी रुयली. मी बी म्हनलं, हाव, चांगलं झालं.” त्या लेकीकडे न बघता समोरच्या गर्दीकडे बघत होत्या. “अन् आत जाऊन रडली होती मी.”

दीपमाला आईच्या शेजारी पायरीवर बसली. फोन तिनं पिशवीत तळाशी, ठेच्याच्या डब्याखाली ठेवला. दोघींनी भाकरीचं फडकं सोडलं. समोरून माणसं जात होती, आणि मनकर्णाबाई जेवता जेवता दुकानातल्या पुस्तकांवर नजर फिरवत होत्या. लेक सोबत असली म्हणून काय झालं, पुस्तक तर घ्यायचंच होतं. घास संपल्यावर त्यांनी पदरानं हात पुसले.

“पुढच्या साली येशीन?” त्यांनी विचारलं.

यंदा आईनं हे एकदाही विचारलं नव्हतं. दीपमालाच्या जिभेवर नेहमीचं ‘येते’ आलं होतं, ते तिनं थांबवलं. पुढचा झेंडू, शुभम, आईचा गुडघा, गाडीतली जागा, सगळं मनात नीट जिथल्या तिथे लिहून घेतलं, आणि मगच म्हणाली, “हाव माय.”